आमचा पाचवा गडी बोलत नाही: संघाचं बोलणं कसं शिकवायचं?

शांतपाऊल (धागाकर्ता)

काउंटर-स्ट्राइक २ (पाच विरुद्ध पाच असा संगणकावरचा नेमबाजीचा खेळ) खेळणाऱ्या पाच जणांच्या एका हौशी संघाला मी दोन वर्षं शिकवतोय. आठवड्यातून तीन रात्री सराव असतो आणि सुट्टीच्या दिवशी सामने. नेमबाजीत ही मुलं माझ्या कितीतरी पुढे आहेत, तेव्हा नेम धरायला मी त्यांना शिकवत नाही. माझ्या वाट्याला येतं ते त्यांचं एकमेकांबरोबर खेळणं, आणि नेमका तिथेच मी अडकलोय.

गेल्या आठवड्यातला सामना सांगतो. मिराज मॅप (मैदान), आम्ही ११-१२ ने मागे, बचावाची बाजू आमची: समोरच्यांनी ए किंवा बी या ठरलेल्या जागांपैकी (साइट) एकीवर बॉम्ब लावायचा, आम्ही अडवायचं. घड्याळात पस्तीसेक सेकंद उरलेले. ए साइटवर एकामागून एक स्मोक (धुराचे गोळे) पडले आणि तिथल्या तिघांनी एकदम बोलायला सुरुवात केली. आमच्या आयजीएलने, म्हणजे खेळताना निर्णय देणाऱ्या गड्याने, बीवरच्या गड्याला बोलावून घेतलं. तो निघाला आणि दहा सेकंदांत बॉम्ब बीवर लागला. ए साइटवर नुसता देखावा होता. ११-१३, खेळ खलास.

रात्री रेकॉर्डिंग ऐकलं. आमचा प्रत्येकाचा आवाज वेगळ्या ट्रॅकवर येतो, म्हणून फक्त बीवरच्या गड्याचा ट्रॅक लावला. निघण्याआधी तो म्हणालाय, "अपार्ट्समध्ये बॉम्ब दिसला, मला वाटतं." (अपार्ट्स म्हणजे बीकडे यायची वाट.) अगदी स्पष्ट, पण हळू. बाकीचे ट्रॅक चालू केले तर त्याच क्षणी दोघं एकाच वेळी बोलत होते. त्याने ते पुन्हा सांगितलं नाही. बोलावलं तसा निमूट निघाला.

मग अख्खा सामना त्याच्याच ट्रॅकवर ऐकून काढला. २४ राउंडमध्ये तो नऊ वेळा बोलला होता, आणि त्यातल्या सहा वेळा वाक्याच्या शेवटी "मला वाटतं" होतं.

आता जे सांगायला जड जातंय ते. याच गड्याने तीनेक आठवड्यांपूर्वी सराव सामन्यात चुकीची माहिती दिली होती. त्याने पावलं ऐकली, "बी, बी" म्हणाला, सगळे धावले आणि बी रिकामी निघाली. तेव्हा मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो होतो, "खात्री नसेल तर बोलू नकोस." तो माझं सांगणं अक्षरशः पाळतोय.

त्याला परत बोलतं कसं करायचं? "जास्त बोला" असं मी आजवर सरावात शंभरदा सांगितलं असेल. त्याने जे आधीच बोलत होते ते आणखी बोलायला लागले, एवढंच झालं.

वाचकमात्र

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे व्हॅलोरंट या असल्याच खेळात हीच गत आहे.

जुनाआयजीएल

शांतपाऊल, तुम्ही कबुली दिलीत ते चांगलं केलंत, पण तुमचा रोख चुकीच्या माणसावर आहे असं मला वाटतं. पाचवा गडी बोलला होता. हवं होतं तेच बोलला होता. न ऐकणारे बाकीचे चौघं आहेत. दुरुस्ती तिथे करायला हवी.

मी सहा वर्षं आयजीएल होतो. त्या जागेवर बसल्याशिवाय कळत नाही की कानावर किती आदळतं. स्वतःचा कोपरा धरायचा, शस्त्रखरेदीचे पैसे मोजायचे, समोरच्यांच्या सवयी लक्षात ठेवायच्या आणि चार जणांचं बोलणं चाळायचं. चाळणीतून पहिलं गळतं ते हळू आवाजातलं आणि "वाटतं"वालं बोलणं. माणूस वाईट असतो असं नाही, डोक्यात जागाच उरत नाही.

म्हणून बोलण्याचे दोन प्रकार वेगळे काढा. एक माहिती: कुठे, किती, काय. दुसरा निर्णय: आता काय करायचं. माहिती पाचही जण देतील, निर्णय एकच जण देईल. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या दहा सेकंदांत ते दोघं काय बोलत होते ते लिहून काढा. पैज लावतो, निम्मं तरी माहितीही नसेल आणि निर्णयही नसेल. "अरे बापरे", "हे काय करतायत", "किती स्मोक टाकतायत" असलं काहीतरी असेल.

आणि मेलेल्या गड्यांचं बघा. मेल्यावर एक वाक्य: कोणी मारलं, कुठून, त्याला किती लागलं. मग माइक बंद. आमच्याकडे निम्मा गोंगाट मेलेल्यांचा असायचा.

शांतपाऊल

लिहून काढलं. तुम्ही पैज जिंकलात. दहा सेकंदांत दोघांची मिळून अकरा वाक्यं, त्यातली माहितीची तीन, आणि तिन्हींचा अर्थ एकच: ए वर स्मोक पडले. ते तर सगळ्यांना दिसतच होते.

पहिलाशॉट

मी या धाग्यावर लिहू की नको असा विचार करत होतो. मी तुमच्या त्या पाचव्यासारखा आहे, दादा. मीही बीच धरतो.

बाहेरून असं दिसतं की याला बोलायचं नाहीये. आतून वेगळं असतं. काहीतरी दिसतं, अर्धा सेकंद. ते खरं होतं का हे मी स्वतःशी तपासतो. तोवर कोणीतरी बोलायला लागलेलं असतं. त्याचं संपायची वाट बघतो. संपतं तेव्हा माझी माहिती पाच सेकंद जुनी झालेली असते, आणि जुनी माहिती दिली तर लोक चिडतात. मग गप्प बसतो. हे सगळं एका राउंडमध्ये तीन-चार वेळा होतं. राउंड हरलो की कोणीतरी म्हणतं, "सांगायचं ना!"

मला एका गोष्टीचा उपयोग झाला. आमच्या जुन्या कोचने सांगितलं होतं, खात्री किती आहे ते तू ठरवायचं नाहीस, फक्त कशावरून कळलं ते सांगायचंस. "पाहिलं", "ऐकलं", "अंदाज". तीन शब्द. "अपार्ट्स, एक, ऐकलं." बस. खरं-खोटं ठरवायचं ओझं माझ्यावरून उतरून आयजीएलवर गेलं. "मला वाटतं" आपोआप गेलं, कारण त्याच्या जागी म्हणायला काहीतरी मिळालं.

जुनाआयजीएल

पहिलाशॉट, हे फार मोलाचं लिहिलंस. आयजीएलच्या बाजूनेही हे सोयीचं आहे. "पाहिलं" म्हटलं की मी दोघांना हलवतो, "ऐकलं" म्हटलं की एकाला, "अंदाज" म्हटलं की कोणालाच नाही, पण कान तिकडे ठेवतो.

मधलीवाट

मी डोटा २ वाला, तोही पाच जणांच्या संघांचा खेळ. तिकडचा अनुभव थोडा उलटा आहे म्हणून लिहितो.

सगळे बोलण्याच्या मागे लागलेत, पण मला वाटतं चांगला संघ कमीच बोलतो. टोकाचं उदाहरण ओपनएआय फाइव्हचं. २०१९ च्या एप्रिलमध्ये या यंत्रखेळाडूंनी ओजी या तेव्हाच्या जगज्जेत्या संघाला २-० ने हरवलं. पाच हिरो (खेळातली पात्रं) चालवणाऱ्या त्या पाच न्यूरल जाळ्यांना एकमेकांशी बोलायची सोयच ठेवलेली नव्हती. एकमेकांना काही सांगायचं नाही, कळवायचं नाही. तरी पाचही जण एका क्षणी एका जागी. बनवणाऱ्यांनी त्यांच्या शिकवणीत "टीम स्पिरिट" नावाचं एक मोजमाप ठेवलं होतं, शून्य ते एक. शून्याजवळ असताना प्रत्येक हिरो स्वतःच्या कमाईसाठी शिकायचा, एकजवळ गेलं की पाच जणांच्या सरासरी कमाईसाठी. सुरुवातीला ते कमी ठेवून हळूहळू वाढवत नेलं.

मला यातून कळतं ते असं की एकाला काय हवंय आणि दुसऱ्याला काय हवंय हे आधी जुळलं पाहिजे. ते जुळलं नसेल तर माइकवरचं बोलणं म्हणजे चालत्या गाडीचं चाक बदलण्यासारखं आहे.

शांतपाऊल

मधलीवाट, आधी जुळायला हवं हे शंभर टक्के मान्य. पण त्या यंत्रांना दिवसाला १८० वर्षांइतके सामने खेळायला मिळत होते. माझ्याकडे आठवड्याच्या तीन रात्री आहेत, त्यातली एक परीक्षेत जाते. न बोलता कळण्याइतकं एकत्र खेळून होईपर्यंत बोलूनच भागवावं लागणार.

पण तुमच्या बोलण्यावरून एक सुचलं. पुढच्या सरावात तीन राउंड पूर्ण मुक्याने खेळून बघतो. शब्दांशिवाय जे जमेल ते खरंच ठरलेलं आहे. जे कोसळेल ते आम्ही आजवर दर वेळी नव्याने बोलून ठरवत होतो.

मधलीवाट

जरूर करा, आणि काय कोसळलं ते इथे लिहा. आणि ओजीचं म्हणाल तर तोही संघ बोलणाराच होता. २०१८ च्या द इंटरनॅशनल या डोटाच्या जागतिक स्पर्धेच्या काही महिने आधी दोन खेळाडू सोडून गेले, तेव्हा त्यांचा कोच सेब स्वतः खेळायला बसला. खुल्या पात्रता फेरीतून वर आले, जिंकले, आणि २०१९ मध्ये पुन्हा जिंकले. हरायच्या बेतात असतानाही एकमेकांना धरून ठेवणं ही त्यांची ओळख होती.

अवलोकिता

मी खेळाडू नाही. संघांच्या संवादावर काम करते, जास्त करून जिथे चूक झाली तर माणसं दगावतात अशा ठिकाणी. मुलामुळे या खेळांशी ओळख झाली. धागा वाचताना मला सतत तेनेरीफ आठवत होतं.

२७ मार्च १९७७. धुक्याने भरलेली धावपट्टी, त्यावर दोन जंबो विमानं. केएलएमच्या वैमानिकाने परवानगी मिळाली असं धरून विमान पळवायला घेतलं. पॅन अ‍ॅमचं विमान अजून त्याच धावपट्टीवर होतं. नियंत्रण कक्ष "थांबा, मी सांगतो" अशा अर्थाचं बोलला आणि पॅन अ‍ॅमवाले "आम्ही अजून धावपट्टीवरच आहोत" असं बोलले. दोघं एकाच क्षणी एकाच वारंवारतेवर बोलल्यामुळे केएलएमच्या कॉकपिटमध्ये त्याची कर्कश शिट्टी झाली. दोन्ही वाक्यं जीव वाचवणारी होती. दोन्ही एकमेकांवर पडली.

पुढचं याहून महत्त्वाचं. केएलएमच्या फ्लाइट इंजिनीअरला शंका आली होती. ते विमान धावपट्टीवरून हटलं नाही का, असं त्याने विचारलंही. कप्तान कंपनीतला मोठा माणूस, त्याने ठामपणे हटलं म्हणून सांगितलं. इंजिनीअरने पुन्हा विचारलं नाही. ५८३ माणसं गेली.

खेळाशी बरोबरी करायची नाहीये, पण घडण तीच आहे: शंका प्रश्नाच्या रूपात, हळू, एकदाच. त्यानंतर विमानक्षेत्राने जे प्रशिक्षण उभं केलं, त्यात कनिष्ठाने दुसऱ्यांदा आणि अधिक स्पष्ट बोलायचं हे शिकवतात, आणि वरिष्ठाने ते बोलणं घेतलं हे ऐकू येईल असं कळवायचं हेही शिकवतात. दुसरा भाग सहज विसरला जातो. तुमच्या पाचव्याला "जोरात बोल" सांगण्याआधी आयजीएलला "ऐकलं" म्हणायला लावा.

शांतपाऊल, आणखी एक, थोडं तुमच्यासाठी. बास्केटबॉलचे कोच जॉन वुडन यांच्या सरावाचा १९७४-७५ च्या हंगामात दोन मानसशास्त्रज्ञांनी अभ्यास केला होता. प्रत्येक बोलणं नोंदवलं, एकूण २,३२६ नोंदी. शाबासकी सुमारे ७ टक्के, नाराजी जवळपास तेवढीच. तीन चतुर्थांश बोलणं म्हणजे निव्वळ काय करायचं आणि कसं करायचं ही माहिती. "खात्री नसेल तर बोलू नकोस" या वाक्यात नाराजी आहे, माहिती काहीच नाही. खात्री नसेल तेव्हा काय बोलायचं हे त्या मुलाला त्यातून कळलं नाही. पहिलाशॉटच्या कोचने तेच सांगितलं होतं.

शांतपाऊल

अवलोकिता, तुमचा शेवटचा परिच्छेद मी तीनदा वाचला. त्या मुलाशी आज बोलतो. सगळ्यांसमोर बोललो होतो, तेव्हा माफीही सगळ्यांसमोरच मागीन.

रात्रपाळी

चर्चा छान चाललीय. मला एका वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधायचंय: आपण मराठीत बोलतो, आणि कॉलआउटचं (कोण कुठे आहे ते माइकवर सांगण्याचं) सगळं शिक्षण इंग्रजी व्हिडिओंमधून घेतो. आपल्या भाषेत घोटाळे वेगळ्या ठिकाणी होतात. तीन वर्षं मराठी संघाबरोबर खेळून जमवलेली ही यादी.

सगळ्यात धोक्याचा शब्द "नको". आपला नकार शेवटी येतो. "पीक करू नको" (पीक म्हणजे आडोशातून डोकावणं) मधला "नको" येईपर्यंत गडी पीक करून मेलेला असतो. "बी वर कोणी नाही" मधलं "नाही" दुसऱ्याच्या आवाजाखाली दबलं की उरतं "बी वर कोणी", आणि लोक बीकडे धावतात. आमच्याकडे नकार बंद आहे. "थांब." "बी रिकामी." "स्मोक ठेव." जे करायचं तेच सांगायचं.

दुसरा "गेला". "एक गेला" म्हणजे मेला की निघून गेला? आम्ही यावरून आख्खा सामना घालवलाय. आता मेला तर "पडला", निघून गेला तर "फिरला".

तिसरा "ए". "ए, तिकडे बघ" मधला ए आणि ए साइटचा ए कानाला सारखेच. घाईत "ए आला रे" ऐकून कोण कुठे धावेल सांगता येत नाही. एकमेकांना "ए" म्हणून हाक मारणं आम्ही सोडलं. नाव घ्यायचं, तेही आधी. नाव शेवटी आलं तर ज्याला सांगायचं त्याने वाक्य अर्धं ऐकलेलंच नसतं.

आकडे. "सात" आणि "साठ" हेडफोनमध्ये एकच. त्यात "आठ"ही मिसळतो. "एकोणऐंशी" म्हणेपर्यंत तो माणूस बरा होऊन परत येईल. किती लागलं याचे आम्ही तीनच शब्द ठेवलेत: "खरचटला", "अर्धा", "एक गोळी".

आणि एक गोष्ट मराठीत चांगली आहे, ती वापरा. "आपण" आणि "आम्ही". "आपण ए घेऊ" म्हणजे पाचही. "आम्ही ए घेतो" म्हणजे तू येऊ नकोस, आम्ही दोघं पुरे. इंग्रजीत यासाठी आणखी एक वाक्य लागतं. आपल्याला एका शब्दात मिळतं.

पहिलाशॉट

"नको"चं वाचून अंगावर काटा आला. परवाच "फ्लॅश टाकू नको" मधलं फक्त "फ्लॅश टाकू" ऐकलं आणि टाकला. तिघं आंधळे झाले.

वाचकमात्र

रुमाल उचलतो. यादीत "डावीकडे" घाला. डावीकडे कोणाच्या? मी समोरून बघतोय, तो मागून येतोय. आणि "इकडे", "माझ्याकडे". मरायच्या घाईत तेच तोंडात येतं, आणि ऐकणाऱ्याला आधी बोलणारा कुठे होता ते आठवावं लागतं.

व्हॅलोरंटमध्ये हेवन मॅपवर तीन साइट आहेत, तिथे "बी" आणि "सी"चाही गोंधळ होतो. आम्ही सीला "लांबची" म्हणतो.

जुनाआयजीएल

जागांची नावं एकदा बसून ठरवलीच पाहिजेत. मिराजवर कोणी "मार्केट" म्हणतं कोणी "किचन", कोणी "शॉर्ट" म्हणतं कोणी "कॅट". जागा एकच. आम्ही रिकाम्या सर्व्हरवर पाचही जण मॅप पायी फिरायचो आणि प्रत्येक जागेवर थांबून एकाने नाव म्हणायचं, बाकीच्यांनी तेच. अर्धा तास लागतो. नवीन गडी आला की परत.

पण रात्रपाळी, एका बाबतीत मी वेगळा आहे. शब्द ठरवताना भाषेचा हट्ट नको. जिभेवर आधी जे येतं ते राहू द्या. "वन शॉट" तोंडात बसलं असेल तर "एक गोळी" करायला लावलं की अर्धा सेकंद विचारात जातो.

रात्रपाळी

मान्य. शब्द कुठलाही असो, पाचही जणांचा एक असला की झालं.

जुनाआयजीएल

आणि आता जे कोणाला आवडणार नाही ते. अवलोकिताताईंचं सगळं पटलं, तरी कधी कधी आवाज चढवावा लागतो. सामन्यात सगळे झोपलेत, खांदे पडलेत, अशा वेळी गोड बोलून उठत नाहीत. मी टाइमआउटमध्ये ओरडलोय आणि त्याने फरक पडलाय.

अवलोकिता

जुनाआयजीएल, आवाज चढवणं आणि माणसाला कमी लेखणं यांत मी फरक करते. "उठा, शेवटचे चार राउंड आहेत, ए वर दोघं एकत्र पीक करा" हे तुम्ही कितीही मोठ्याने म्हणा. त्यात काय करायचं ते आहे. "तुला बी धरता येत नाही" हे कितीही हळू म्हटलं तरी तो गडी पुढच्या राउंडला पीक करायला घाबरतो. तुम्ही जेव्हा ओरडलात आणि फरक पडला तेव्हा काय शब्द होते, आठवतात का?

जुनाआयजीएल

आठवतात. "पैसे आहेत, सगळे पूर्ण खरेदी करा आणि मिड घ्या." (मिड म्हणजे मॅपचा मधला भाग.) तुमचा मुद्दा लक्षात आला.

टाइमआउटवरून आठवलं, शांतपाऊल, तुमच्या उपयोगाचं. २०१६ च्या ऑगस्टपर्यंत मोठ्या स्पर्धांत कोच राउंड चालू असतानाही बोलायचे. काही संघांत कोचच सगळे निर्णय देत होता. मग खेळ बनवणाऱ्या वॉल्व्हने आपल्या स्पर्धांत नियम बदलला: वॉर्मअप, मध्यांतर आणि ३० सेकंदांचे चार टाइमआउट, एवढ्यातच कोच बोलेल. ज्या संघांचा मेंदू कोचच्या खुर्चीत होता ते चाचपडले. मला तो नियम आवडतो. कोचचं काम सामन्याच्या आधी संपलं पाहिजे.

त्या ३० सेकंदांत मी पाहिलेले उत्तम कोच पहिले पाच-सात सेकंद काहीच बोलत नाहीत. मग आयजीएलला विचारतात, "तुला काय दिसतंय?" मग एकच गोष्ट सांगतात. दुसरी गोष्ट सांगितली की पहिली विसरली जाते.

मन सांभाळण्याचं म्हणाल तर अ‍ॅस्ट्रालिस या काउंटर-स्ट्राइक संघाचं उदाहरण आहेच. हातात आलेले मोठे सामने हा संघ घालवतो अशी त्यांची ख्याती होती. २०१६ मध्ये त्यांनी मिया स्टेलबर्ग या फिनिश क्रीडा-मानसशास्त्रज्ञांबरोबर काम सुरू केलं, जानेवारी २०१७ मध्ये अटलांटाचा मेजर (या खेळातली सगळ्यात मोठी स्पर्धा) जिंकला. पुढे झोनिक कोच आणि ग्लेव्ह आयजीएल असताना २०१८-१९ मध्ये सलग तीन मेजर. स्टेलबर्ग पुढे मधलीवाट म्हणतात त्या ओजीबरोबरही होत्या. माणसं बदलली, खेळ बदलला, काम तेच.

शांतपाऊल

पाच आठवड्यांनी परत येतोय. उशीर झाला, पण करून बघितल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

आधी जे जमलं नाही ते. अवलोकिता, "ऐकलं" म्हणण्याचा नियम मी पाचही जणांना लावला, ती चूक झाली. एकाने माहिती दिली की चौघं "ऐकलं, ऐकलं, ऐकलं" करायला लागले आणि गोंगाट दुप्पट झाला. दुसऱ्या दिवशी बदललं: फक्त आयजीएल म्हणेल, आणि "ऐकलं" ऐवजी जागेचं नाव परत म्हणेल. "अपार्ट्स, एक, ऐकलं." "अपार्ट्स." एवढंच. माहिती बरोबर पोचली हेही त्यात कळतं. आणि ते आलं नाही तर सांगणाऱ्याने परत सांगायचंच. हा नियम आहे, त्याच्या मर्जीवर नाही. आमच्या पाचव्याला याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला. दुसऱ्यांदा बोलणं म्हणजे उद्धटपणा असं त्याला वाटायचं. आता ते त्याचं कामच झालंय.

मुके राउंड तीन ठरवले होते, पहिल्याच सरावात नऊ खेळलो, कारण त्यातून फार कळत होतं. आक्रमणात बऱ्यापैकी निभावलं. बचावात साइट परत घेताना सगळंच कोसळलं. बॉम्ब लागला की तो फुटायला ४० सेकंद असतात. किट (त्यासाठीचं साधन) असेल तर निकामी करायला ५ लागतात, नसेल तर १०. म्हणजे कधी घुसायचं याचं गणित सरळ आहे, पण प्रत्येक जण वेगळ्या सेकंदाला घुसत होता आणि एकेक करून मरत होता. बोलताना ही गोष्ट झाकली जायची, कारण कोणीतरी "चला चला" म्हणायचं. आता ठरवलंय: किट कोणाकडे आहे ते बॉम्ब लागताच सांगायचं, सगळे जमेपर्यंत कोणी तोंड दाखवायचं नाही, आणि फ्लॅश टाकणाराच तीन-दोन-एक मोजेल. मोजणारा आणि टाकणारा वेगळा असला की दोघं एकमेकांची वाट बघतात.

मेलेल्यांचा माइक बंद करणं कठीण गेलं. सवय जुनी आहे, आणि शेवटी एकटा उरलेल्याला मदत करावी असं आतून वाटतं. त्यावर उपाय त्या मुलांनीच काढला. एकटा उरलेला "बोला" म्हणाला तरच बोलायचं. आमचा एक जण कायम "बोला" म्हणतो, दुसरा कधीच नाही. दोघांनाही हवं ते मिळतंय.

रात्रपाळी, तुमची यादी छापून प्रत्येकाच्या टेबलावर चिकटवलीय. "पडला" आणि "फिरला" दोन दिवसांत बसलं. "नको" मात्र अजून जात नाही. परवा मीच सरावात "तिकडे जाऊ नको" ओरडलो आणि पाचही जण हसले.

आता त्या मुलाबद्दल. माफी मागितली, सगळ्यांसमोर. तो काही बोलला नाही, मान हलवली. आठवडाभर काहीच फरक नव्हता. मग दुसरी एक गोष्ट करून पाहिली: सरावानंतरच्या चर्चेची सुरुवात रोज त्याच्याकडून. "तुला काय दिसलं?" आणि तो बोलत असताना मी कोणाला मध्ये बोलू दिलं नाही, स्वतःलाही. पहिल्या दिवशी दोन वाक्यं. चौथ्या-पाचव्या दिवशी तो म्हणाला की समोरचे ए वर चारपेक्षा जास्त स्मोक टाकतात तेव्हा दर वेळी बीवर येतात. मी जुने डेमो (सामन्यांची रेकॉर्डिंग) काढून तपासलं. त्या संघाच्या बाबतीत ते खरं होतं, आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं.

गेल्या रविवारी सामना होता. पुन्हा मिराज, पुन्हा बचाव, ९-९. त्याचा ट्रॅक आत्ता ऐकूनच लिहितोय. "बी, दोन, ऐकलं." आयजीएल दुसऱ्याशी बोलत होता, उत्तर नाही. दोन सेकंदांनी पुन्हा, थोडं मोठ्याने, आधी नाव घेऊन: "बी, दोन, ऐकलं." "बी," आयजीएल म्हणाला आणि एकाला हलवलं.

बी रिकामी होती. पावलं मिडमधली असावीत. बॉम्ब ए वर लागला, राउंड गेला.

माइकवर कोणी काही बोललं नाही. आयजीएल म्हणाला, "पैसे सगळ्यांकडे आहेत, पूर्ण खरेदी." पुढच्या राउंडचे पहिले वीस सेकंद शांत, आणि मग त्याचाच आवाज: "अपार्ट्स, एक, ऐकलं."

पहिलाशॉट

दादा, तो सामना जिंकलात का?

शांतपाऊल

१०-१३ ने हरलो. उद्या रात्री सराव आहे, साइट परत घेण्याचाच. पहिलाशॉट, तुला वेळ असेल तर येऊन बस. बीवर उभं राहून काय ऐकू येतं ते तुम्ही दोघं एकमेकांना सांगाल तेवढं मला सांगता येणार नाही.